फळ्यावरचा अर्धा तास

३ फेब्रुवारी

ठमे,

तुझं कार्ड काल दुपारी आलं. नऊ वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. 'ळ' अजून तसाच पोट सुटलेला काढतेस. चार ओळींचं कार्ड, आणि त्यातही 'तुमच्या गावी' असं लिहिलंयस. तुमच्या! याच वाळूत लोळून मोठी झालीस बाई तू. असो, भांडण उकरून काढायला लिहीत नाहीये. आधी फोनच केला होता. तू 'हॅलो' म्हणालीस, मी 'दादा बोलतोय' म्हणालो आणि फोन बंद झाला. तेव्हा पत्रच बरं, निदान मधेच तुटत नाही.

तर चिंगीच्या कॉलेजची सहल सव्वीसला येते आणि सत्तावीसला दुपारी परत जाते. तुझ्या दोन अटी. तिला बेटावर जाऊ द्यायचं नाही, आणि तिच्या बाबाच्या त्या दिवसाबद्दल तिच्यापुढे अवाक्षर काढायचं नाही. दोन्ही कबूल. बेट सोडून काय बघावं ते विचारलंयस, ते लिहितो. नमनाला घडाभर तेल झालंच आहे.

उजाडता उजाडता धक्क्यावर जावं. मासळीचा लिलाव बघण्यासारखा असतो, फक्त मधे उभं राहून फोटो काढू नयेत, बायका टोपलीसकट अंगावर येतात. मग दीपगृह. एकशे बेचाळीस पायऱ्या आहेत. चढताना सगळे मोजतात आणि वर पोचल्यावर प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. पोहायचं तर दोन पिवळ्या झेंड्यांच्या मधेच, हे तिला तू सांग, माझं कोण ऐकणार. शिंपल्यांच्या दुकानातून काही घेऊ नये. ते शिंपले बाहेरगावाहून पोत्यांनी येतात, आणि दुकानदार गिऱ्हाइकासमोर त्यांच्यावर समुद्राचं पाणी शिंपडतो. डॉल्फिन दाखवणाऱ्या होडीत जरूर बसावं. डॉल्फिन दिसत नाहीत, पण होडीवाला इतक्या आत्मविश्वासाने बोट दाखवतो की निम्म्या लोकांना ते दिसतात. दक्षिणेच्या टोकाला लाकडी होड्या बांधायची शेड आहे, तिथला म्हातारा सुतार तिला फळ्यांच्या फटींत कापूस कसा ठासतात ते दाखवेल. मी सांगून ठेवलंय.

माझं म्हणशील तर फळा अजून मीच लिहितो. ओहोटीला बेटाची वाट उघडी पडली की वाटेच्या तोंडाशी उभं राहायचं आणि बेटावरून पाय काढायची शेवटची वेळ खडूने लिहायची. आपल्या बाबांची पद्धतही तीच चालू आहे. खऱ्या वेळेतून अर्धा तास कापून लिहायचं, कारण पाहुणा उशीर करणारच. गावातल्या शेंबड्या पोराला हे ठाऊक असतं, पाहुण्याला तेवढं सांगायचं नाही. हे तुलाच कशाला सांगत बसलोय कोण जाणे.

तुझी वहिनी आठवण काढते. गुडघे धरून बसते, पण जिभेला काही झालेलं नाही.

दादा


११ फेब्रुवारी

ठमे,

तुझं उत्तर तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदाही आला.

फळ्याचा विषय काढला म्हणून एवढी भडकशील असं वाटलं नव्हतं. 'फळ्याचं नाव माझ्यासमोर काढू नकोस' असं लिहितेस आणि पुढचं अख्खं पान फळ्यावरच लिहितेस. ते पान मी कपाटात कपड्यांखाली ठेवलंय, वहिनीच्या हाती लागू नये म्हणून. तुझी ओळ मात्र पाठ झाली. 'तू अर्धा तास कापला होतास, तरी चिंगीचे बाबा पाण्यात सापडले. म्हणजे मी त्यांना अर्धा तास जास्त आहे असं न सांगता एक तास आहे असं सांगितलं असणार. खोल्यांत पाहुणे, गॅसवर दूध, चिंगीची रडारड. मी नेमकं काय म्हणाले ते मला नऊ वर्षांत आठवलेलं नाही.'

यावर झालं ते झालं, मनाला लावून घेऊ नकोस, असं लिहिणार होतो. लिहिलंही. मग खोडलं.

तुझा कप्तान गेला त्याला कोणी एक जबाबदार नाही, असं मी तेव्हाही म्हणालो होतो. चार पाहुण्यांना पुढे काढून तो मागे राहिला, त्याचा स्वभावच तो. लग्नात वरमाला घालतानासुद्धा 'आधी तुम्ही' म्हणाला असता. बंदराच्या कचेरीतल्या चौकशीत मला एवढंच विचारलं की फळ्यावरची वेळ बरोबर होती का. मी म्हणालो, बरोबर होती. त्याउप्पर कोणी काही विचारलं नाही.

तेव्हा आपला अबोला होता, आठवतं तुला? तुझ्या खोल्यांतल्या एका पाहुण्याने कचेरीत तक्रार केली होती की फळा खोटा आहे, लॉजवाल्या बाईंनीच सांगितलं की अर्धा तास जास्त असतो. नवीन साहेब आला होता, त्याने मला सगळ्यांसमोर उभं करून झापलं. बाबांनी तीस वर्षं आणि मी अकरा वर्षं लिहिलेला फळा, आणि हा कालचा पोरगा मला खोटारडा म्हणतो! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. साहेबाचा राग तुझ्यावर निघाला. गावची गोष्ट पाहुण्यांना सांगायची तुला काय गरज होती, म्हणून मी बोलणंच टाकलं.

हे सगळं कशाला लिहितोय? विषय चिंगीचा आहे. सहलीच्या मॅडमना फोन केला. बेट कार्यक्रमात पहिल्याच नंबरवर आहे, सत्तावीसला सकाळी. 'मुलांना तेच बघायचंय' म्हणाल्या. चिंगीपुरतं मी बघतो, तिला वहिनीकडे जेवायला बोलावतो.

दादा


१९ फेब्रुवारी

ठमे,

हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली. वहिनी म्हणते, कागद महाग झालाय की तू श्रीमंत झालास?

काल आलेल्या तुझ्या दोन ओळींनी माझी झोप उडाली आहे. मला वाटत होतं की चिंगीला काही ठाऊक नाही, म्हणून तू मला गप्प राहायला सांगतेस. तिला ठाऊक आहे, आणि तूच सांगितलंस! 'शेजारणीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून ती बारा वर्षांची असताना मीच सांगितलं की बाबांना वेळ मी चुकीची सांगितली. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.'

पाच वर्षं! एका घरात दोघीच, आणि कामापुरतं? भाजी आणली का, किल्ली कुठे आहे, एवढंच? अगं, मग तिच्याजवळ बसून तिला सांगायचं ना की... काय सांगणार होतीस तू. तुला जे माहीत होतं तेच सांगितलंस.

ठमे, मला तुला काहीतरी लिहायचं आहे आणि ते लिहिलं जात नाही. पेन हातात घेतलं की दीपगृहाच्या पायऱ्या आठवतात, डॉल्फिन आठवतात, जगातलं सगळं आठवतं. वहिनी विचारते, हल्ली एवढा खेकसतोस का. तिलाही ठाऊक नाही. कोणालाच नाही.

सत्तावीसचं आधी सांगतो. दुपारी भरती चढायला लागते. बेटावरून निघायची खरी शेवटची वेळ दोन वाजून दहा मिनिटं. फळ्यावर मी एक चाळीस लिहीन. चिंगी वाटेवर पाऊल टाकणार नाही, हा माझा शब्द. बाकीचं ती येऊन गेल्यावर लिहितो. नक्की लिहितो.

दादा


२७ फेब्रुवारी, दुपारचे सव्वातीन

ठमे,

चिंगी सुखरूप आहे. हे आधी वाच आणि मग पुढचं वाच. ती आत्ता माझ्यासमोर बाकावर बसली आहे, चप्पल ओली आहे, बाकी सगळी कोरडी. साडेचारला त्यांची बस आहे. तोवर हे पत्र लिहून तिच्या हातात दिल्याशिवाय ती मला उठू देणार नाही. पोरगी तुझ्यावर गेली आहे, चालते मात्र कप्तानासारखी, खांदे पुढे टाकून.

मी शब्द मोडला. ती बेटावर गेली.

काल वहिनीकडे जेवली, वहिनीला हसवलं, सुताराकडे जाऊन फटींत कापूस ठासून आली. माझ्याशी मोजकंच. मला वाटलं निभावलं. आज सकाळी साडेनऊला मी फळा लिहीत होतो. सगळी पोरं वडापाशी बिस्किटं खात होती, ही एकटीच येऊन मागे उभी राहिली. एक चाळीस लिहून मी खडू ठेवला तर म्हणते, "मामा, यात अर्धा तास कापलाय ना?"

नऊ वर्षांपूर्वी चौकशी संपल्यावर कचेरीच्या पायरीवर तू मला हेच विचारलं होतंस. 'दादा, त्या दिवशी अर्धा तास कापला होतास ना?' आणि मी 'हो' म्हणालो होतो.

मी तिलाही 'हो' म्हणालो. आज ते खरं होतं. पण तो शब्द तोंडातून गेला आणि मी खाली वाळूतच बसलो. ती घाबरली, पाणी आणते म्हणाली. मी तिचा हात धरला आणि सांगून टाकलं की आज कापलाय, त्या दिवशी नव्हता कापला.

आता तुलाही सांगतो, ठमे. साहेबाने झापलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट ती. 'उद्यापासून खरी वेळ लिहायची' असा त्याचा हुकूम होता. मी फळ्यावर खरी वेळ लिहिली. सगळ्या गावाला सांगितलं, होडीवाल्यांना सांगितलं, शिंपल्यांच्या दुकानात सांगितलं. त्यांना वाटलं, बहिणीला मी आधीच सांगितलं असणार, म्हणून तुझ्याकडे कोणी विषय काढला नाही. तुझं दार तेवढं टाळलं. मुद्दाम टाळलं. म्हटलं, हिच्या पाहुण्यांना एकदा गुडघाभर पाण्यातून येऊ दे, म्हणजे हिची खोड मोडेल. गुडघाभर, एवढंच माझ्या मनात होतं. कप्तान स्वतः त्यांना घेऊन जाईल हे डोक्यातच आलं नाही. संध्याकाळी लोक किनाऱ्यावर कंदील आणि दोर घेऊन धावत होते तेव्हा मी फळा पुसला. चौकशीत वेळ बरोबर होती म्हणालो, ते खरंच होतं; त्यानंतर साहेबानेच अर्धा तास पुन्हा कापायला लावला. तुला मात्र पायरीवर खोटं सांगितलं. तुझं तोंड बघून सांगितलं.

चिंगीने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडेल, मारेल. तिने एवढंच विचारलं, "आईला माहीत आहे?" मी नाही म्हणालो. तिने माझा हात सोडवला आणि सरळ वाटेवरून बेटाकडे चालायला लागली. मी हाक मारली, मागे बघितलं नाही. तिच्या मागोमाग सगळा वर्ग गेला. मॅडम मला लांबूनच हात करून गेल्या.

चार तास मी त्या फळ्याजवळ उभा होतो. वहिनीने डबा पाठवला, तो तसाच आहे. एक वीसला वर्ग परत आला. मी पोरं मोजली. एक कमी. मॅडम म्हणाल्या, 'ती म्हणाली मामा घ्यायला येणार आहेत.' मी धावलो. साठीच्या माणसाने धावू नये तसा धावलो. तोंडाने तुझं नाव घेत होतो की तिचं, मला सांगता यायचं नाही.

ती वाटेच्या बरोब्बर मधे उभी होती. दोन्हीकडून पाणी चढत होतं, वाटेपासून वीतभर खाली होतं. मी धापा टाकत म्हणालो, "चल, चल आधी!" तर ही घड्याळाकडे बघत म्हणते, "थांब मामा. मला बघायचंय अर्धा तास म्हणजे किती असतो."

दोन दहापर्यंत आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. मी तिचं मनगट धरून होतो. पाणी चपलांना लागलं तेव्हा ती म्हणाली, "चल." काठावर येईपर्यंत रडली, मोठ्याने, लहान असताना रडायची तशी. मग नाक पुसून म्हणाली, "बाबा चांगला पोहायचा. तरी नाही जमलं." मी तिला बाकावर बसवलं.

उद्या सकाळी कचेरीत जाऊन हे सगळं लिहून देणार आहे. ते फळा काढून घेतील, आणखी काय करायचं ते करतील. वहिनीला आज संध्याकाळी सांगतो, त्याचीच जास्त भीती वाटते. तू माफ करावंस म्हणून लिहीत नाही. मला माफ करशील तर मलाच तुझा राग येईल, ठमे. माझ्या हट्टापायी माझ्या बहिणीचं घर बुडालं, आणि वर नऊ वर्षं मी तिला त्याचा दोष डोक्यावर घेऊन फिरू दिलं. गावात कोणी 'बायकोनेच वेळ चुकीची सांगितली' म्हणालं की मी मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं, भावाला वाईट वाटतंय.

एक गोष्ट राहिली. ती चिंगीला तोंडाने सांगता आली नाही. ती समोर बसून माझ्या पेनाकडे बघते आहे आणि मी ती लिहितो आहे.

त्या सकाळी कप्तान पाहुण्यांना घेऊन फळ्याशी आला तेव्हा मी तिथेच होतो. आपला अबोला होता, पण तो कसला अबोला धरतोय! त्याने वेळ वाचली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि हसून म्हणाला, "आमच्या बाईसाहेब म्हणतात अर्धा तास जास्त आहे. म्हणजे निवांत फिरतो, काय दादा?" मी तेव्हा म्हणायला हवं होतं की आज नाहीये. दोन शब्द होते. मी खडूचे हात झटकले आणि दुसरीकडे बघितलं. त्याला वाटलं मी हो म्हणालो.

अर्धा तास, ठमे. तू अर्धाच तास म्हणाली होतीस. एक तास नाही. तुला आठवत नाही, पण मी माझ्या कानांनी ऐकलंय. तू रोज सांगायचीस तेच त्या दिवशी सांगितलंस, आणि आजपासून ते बरोबर नाही हे सांगायला मी तोंड उघडलं नाही. तुझी चूक नव्हती. आधीही नव्हती आणि तेव्हाही नव्हती.

चार वीस झाले. मॅडम हाका मारताहेत. चिंगी म्हणते पाकीट चिकटवू नकोस, ती बसमध्ये आधी वाचणार आहे. घरी पोचल्यावर तुला स्वतः वाचून दाखवणार आहे, सगळं, पहिल्यापासून. मघाशी म्हणाली, आई आठला जेवते, म्हणजे तिच्या जेवणाआधी पोचता येईल.

दादा